डोंगरावरची नववी जागा

२६ एप्रिल

वनखात्याचे हॅकेटसाहेब म्हणाले, "बाई, रोज काय केलं ते वहीत लिहीत चला. पुरावा लागतो." म्हणून मास्तरीणबाईंकडून ही वही मागून आणली. लिहिते पुरावा.

नाव बायबीन. वय छप्पन्न. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली, मूलबाळ नाही. घरात मी, माझी सासू नॅन्स (तिचं वय अठ्ठ्याऐंशी, जिभेचं अठरा) आणि रिवा नावाची गाय. गाव लेतिरग्लास. सात घरं, नऊ गाई, आणि तरणं माणूस औषधालासुद्धा नाही. सगळे इंग्लंडात विटा वाहतायत.

गावामागच्या मीलबान डोंगरावर सरकारला पाइनची झाडं लावायची आहेत. आम्ही म्हटलं, डोंगर आमच्या गुरांचा आहे, उन्हाळ्यात गुरं तिथेच चरतात. साहेबांनी टेबलावर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा नकाशा पसरला. खाली प्रत्येक ओढ्याला नाव, प्रत्येक खडकाला नाव. वर डोंगर कोरा. "चराईची जागा असती तर नाव असतं. नाव नाही, म्हणजे इथे कधी कुणी गुरं घेऊन राहिलेलं नाही," म्हणाले. माणूस वाईट नाही, पण कागदाचा किडा. शेवटी ऑगस्टपर्यंत मुदत दिली. जागा दाखवा, नावं सांगा, आणि आज तिथे गुरं आहेत, माणूस राहतंय, हेही दाखवा. मी येऊन बघीन, म्हणाले.

डोंगर गेला तर उन्हाळ्यात गाईंना खायला काय घालायचं? दगड? गाई गेल्या की आमच्या घरातली चूल गेली. मग सासूबाईंची रवानगी तालुक्याच्या अनाथ-म्हाताऱ्यांच्या घरात, आणि माझी बेटावर भावाकडे. माझी भावजय माझ्या ताटातले बटाटे मोजते.

हे शेवटचं साहेबांनी वाचायला नको. पान फाडावं लागणार.

२८ एप्रिल

साहेबांसाठी वेगळी स्वच्छ वही केली. त्यात हवा, दूध, लोणी एवढंच. ही वही माझी.

आज गावाची सभा मायतिआसच्या स्वयंपाकघरात. मायतिआस म्हणजे शेजारचा विधुर. वय सदुसष्ट, एक गाढव आणि शंभर विनोद एवढी त्याची इस्टेट. प्रश्न एकच, वर राहायला जायचं कोणी? कुणाचे गुडघे, कुणाची छाती. शेवटी सगळ्यांचे डोळे माझ्यावर आले.

मी म्हटलं, "अहो, मी बेटावरची! मला माशाची शेपटी कळते, गाईची नाही. आणि बत्तीस वर्षं तुम्ही मला बेटकरीण म्हणून हिणवता, आता अडल्यावर बरी आठवली!"

मायतिआस म्हणाला, "बायबीन, हिणवत नाही गं. ओळख सांगतो."

"मग आता ओळख विसरा," म्हटलं. आणि हो म्हणून बसले. माझ्या जिभेला हाड नाही हेच खरं.

घरी सासूबाईंना सांगितलं. त्या चुलीजवळ विणत होत्या. म्हणाल्या, "बेटकरणी, तू बूलीवर जाणार? गाय तुला धार काढायला शिकवेल की तू गाईला?" बूली म्हणजे डोंगरावरचं उन्हाळ्याचं चराऊ रान. जुन्या काळी गावच्या मुली मे महिन्यात गुरं घेऊन वर जात, झोपडीत राहत, लोणी काढत आणि सॅवनला, म्हणजे ऑक्टोबर सरता, खाली येत. वर राहिलेल्यांपैकी आता एकच उरली आहे, माझी सासू. डोंगरावरची नावं फक्त तिच्या डोक्यात आहेत.

विचारलं, "आई, नावं सांगता ना?"

"नाही."

"का?"

"कागदाला नाव दिलं की मागून भाडं येतं."

पालथ्या घड्यावर पाणी.

१ मे

सकाळी नऊच्या नऊ गाईंच्या शेपटीला लाल दोरा बांधला. सासूबाईंनी दारात बसून एकेकीला नावानं हाका मारल्या. मला सांगितलं, पहिली धार जमिनीवर सोड, ती त्यांची. 'त्यांची' म्हणजे कोणाची ते आमच्याकडे कुणी बोलत नाही.

दोन तासांची चढण. मायतिआसनं गाढवावर रवी, मडकी आणि माझं अंथरूण आणलं. जुन्या झोपड्यांचे नुसते दगड उरलेत, शेजारचा झरा आटलेला. शेवटी अर्धा कोस वर एक जिवंत झरा सापडला, तिथेच आम्ही भिंत रचली. तिथे पूर्वी कुणी राहिल्याची काही खूण नाही. वर गवताळ ढेकळांचं छप्पर, खाली हेदरची वाळकी झुडपं. मायतिआस म्हणाला, "राणीचा महाल." मी म्हटलं, "राणीच्या महालात तुझं डोकं छताला लागत नसेल."

इथून खाली आमचं दार दिसतं. सासूबाईंशी ठरलंय. भिंतीवर पांढरा कपडा म्हणजे सगळं ठीक. लाल परकर म्हणजे धावत ये. दिवसा त्यांच्याकडे मायतिआस बघणार.

पांढरा आहे. दोनदा उठून पाहिला.

४ मे

पाठ गेली. बोटं गेली. दूध चार गाईंचं आणि शिव्या नऊ गाईंना. मायतिआसची काळी गाय मुद्दाम बादलीत पाय देते. मालकावर गेलीय.

१० मे

रविवार. प्रार्थनेला खाली आले. घरी येऊन पाहते तर सासूबाईंनी बटाटे उकडून ठेवलेले, आणि मीठ दोनदा घातलेलं. मी खात राहिले. त्याच म्हणाल्या, "खारट झालेत. तू नसलीस की हात विसरतो." मग लगेच, "तू असलीस की आळशी होतो."

त्या कागदाला घाबरतात ते उगाच नाही, हे आज कळलं. नकाशावाले आले तेव्हा सासूबाईंची आजी वीस वर्षांची होती. गणवेशातली माणसं, साखळ्या, दुर्बिणी. तेव्हा जमीनदार गाईमागे भाडं लावायचा. डोंगरावर किती गाई आहेत ते त्याला कळू नये म्हणून अख्ख्या गावानं तोंडाला कुलूप लावलं. नकाशावाल्यानं विचारलं, वर काय आहे? आजी म्हणाली, "काही नाही हो साहेब. दगड आणि कोल्हे." त्यानं टोपी काढून आभार मानले आणि डोंगर कोरा सोडला. गावात तीन दिवस नाच चालला होता म्हणे!

"आजी मरेपर्यंत हसायची," सासूबाई म्हणाल्या.

"आता साहेब हसतायत, आई."

त्यांनी हातातलं विणकाम खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "ठीक आहे. पण नाव असं फुकट मिळत नसतं. जागा सांगते. तिथे गाई ने, धार काढ, लोणी घेऊन खाली ये. मग नाव सांगते."

आता या वयात मला परीक्षा!

१८ मे

पहिली जागा काळ्या कड्याखाली. तिथे गेल्यावर कळलं की सांगायची गरजच नव्हती. सगळा डोंगर तपकिरी आणि मध्येच घराच्या अंगणाएवढा हिरवागार तुकडा. शंभर वर्षांचं शेण मुरलंय तिथे. डोळे असलेल्याला नकाशा कशाला हवा?

धार काढली, लोणी काढलं, दुसऱ्या दिवशी खाली नेलं. सासूबाईंनी बोटावर घेऊन चाखलं. "ताक नीट धुतलं नाहीस." पुन्हा चाखलं. "बूली साईव्ह."

साईव्ह कोण विचारलं. तिथे पहिला उन्हाळा एकटीनं काढलेली पोर. नाव पडायची रीतही आज सांगितली. वर गेलेलीनं स्वतः नाव ठेवायचं नाही. खाली राहिलेले बोलता बोलता म्हणायला लागतात, साईव्हच्या बूलीवर धुकं आहे, साईव्हच्या बूलीवर गाय अडकली, आणि नाव पडतं. पण जिचं नाव, तिच्या कानावर ते कधी जाऊ द्यायचं नाही. गेलं की त्या जागेवर दूध आटतं. ती जवळ आली की गप्प बसायचं.

"म्हणजे साईव्हला कळलंच नाही?"

"मेली तरी नाही."

"तुमच्या नावाची आहे का एखादी, आई?"

"मला काय माहीत!" म्हणाल्या, आणि चिडल्या. छान चिडल्या.

७ जून

पाच नावं झाली. बूली साईव्ह, बूली नूला, लोणीबूली, दोन बहिणींची बूली, लंगड्या वासराची बूली. साहेबांच्या वहीत सुवाच्य अक्षरात लिहिली.

लोणी आता गोळा होतं पटकन. आज रवी फिरवत असताना मायतिआस आला. लोणी होत असताना दारात आलेल्यानं रवीला हात लावल्याशिवाय आत यायचं नाही. त्यानं रवी हातात घेतली ती सोडेचना. अर्धा तास घुसळत बसला. मी म्हटलं, "एक फेरा पुरे असतो." तर म्हणाला, "पुरे असतो, पण बरं वाटतं." रिकामटेकडा मेला. छप्पर गळत होतं तेही दुरुस्त करून गेला.

१४ जून

जीव जळला आज. प्रार्थनेनंतर देवळाच्या भिंतीशी बायका बोलत होत्या. मी जवळ गेले तर सगळ्या एकदम गप्प. पुढच्या घरची मॅरिऑन तर तोंडावर शाल धरून खोकायला लागली. खोकला नव्हता तो.

संध्याकाळी मायतिआसही तसाच. "काल सकाळी मी पाहिलं तर ऊन पडलं होतं बू..." आणि जीभ चावली.

"कुठे ऊन पडलं होतं?"

"वर."

"वर कुठे?"

"वर म्हणजे वर! डोंगर काय खाली असतो?"

कळतं मला. बेटकरीण डोंगरावर नाचतेय, त्याची थट्टा चाललीय माझ्या मागे. बत्तीस वर्षं या गावाचं पाणी भरलं, यांची बाळंतपणं केली, मयतं उचलली. तरी मी आले की तोंडं बंद. चिडून रिवाला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. आमच्या घरात शहाणी तीच.

२ जुलै

सकाळी अकराला भिंतीवर लाल परकर.

दोन तासांची वाट मी किती वेळात उतरले माहीत नाही. एक बूट ओढ्यात राहिला. सगळ्या वाटेनं एकच म्हणत होते, देवा, आज नको, मला तिच्याशी नीट बोलायचंय अजून. काल निरोपात मी 'मीठ जपून घाला' असं सांगून पाठवलं होतं. शेवटचे शब्द तेच व्हायचे होते का?

दारात पोचले तर म्हातारी बाकावर ऊन खात बसलेली.

"आई! काय झालं?"

"बूली ईता," म्हणाल्या. "सकाळी आठवलं. संध्याकाळपर्यंत राहील की नाही भरवसा नाही. म्हणून म्हटलं, विसरायच्या आत सांगावं."

मी अशी ओरडले की मायतिआसची कोंबडी झाडावर चढली. "एका नावासाठी! मला वाटलं तुम्ही गेलात! तुम्हाला काही काळजी आहे का कुणाच्या जिवाची!" आणि मग उभ्या उभ्या रडायलाच लागले, लहान पोरीसारखी, एका बुटावर.

त्यांनी मला बाकावर बसवलं. माझा उघडा पाय परकरात गुंडाळला. म्हणाल्या, "गप. गप, ओनोरा."

ओनोरा त्यांची बहीण. तिच्याबरोबर त्या बूलीवर जायच्या. ती जाऊन चाळीस वर्षं झाली. उन्हानं डोळे दिपले असतील त्यांचे.

९ जुलै

रोज संध्याकाळी खाली उतरून येते आता, सकाळी पुन्हा चढते. साहेबांच्या वहीत मात्र 'मुक्काम वर' असं लिहिते. खोटं आहे. पण गावाला सवयच आहे कागदाशी खोटं बोलायची, आणि त्या सवयीनंच ही वेळ आलीय.

१२ जुलै

खोटं पचलं नाही. मायतिआसला सांगितलं तर म्हणाला, "मुक्काम तू वरच कर. रात्रीचं मी बघतो त्यांच्याकडे. बाहेरच्या खोलीत झोपतो." सासूबाई म्हणाल्या, "हा घोरतो." मी म्हटलं, "आई, तुम्हीही." कुणालाच पटलं नाही, पण ठरलं. ती खोटी पानं साहेबांच्या वहीत दुरुस्त करून लिहिली, 'मुक्काम खाली, सासूची काळजी.' खरं ते खरं.

२६ जुलै

सात नावं झाली. आठव्या जागेची गंमत.

ओढ्याच्या वळणावरचा तो मोठा हिरवा उतार, सगळ्यांत सुंदर जागा. धार काढून लोणी खाली नेलं. सासूबाई म्हणाल्या, "तिला काय म्हणतात ते आठवत नाही. आमच्या वेळी तिथे आम्हीच असायचो. पाच उन्हाळे. आमच्यासमोर कुणी काही म्हटलेलं आठवत नाही."

मी कपाळाला हात लावला. एक नाव कायमचं गेलं! मायतिआसला सांगितलं तर त्यानं मला हाताला धरून गोठ्यात नेलं, दार लावलं आणि कानात म्हणाला, "बूली नॅन्स. माझा बाप म्हणायचा. त्यांच्या कानावर जाऊ देऊ नकोस."

काय सांगू मला कसं वाटलं! सत्तर वर्षं हे गाव तिच्यापासून तिचंच नाव लपवतंय. माझ्या सासूला रोज दारातून दिसणारा तो उतार तिचा आहे आणि तिला पत्ता नाही. मी घरी आले, आणि त्यांनी विचारलं, "का हसतेस?" म्हटलं, "मायतिआसनं विनोद सांगितला." म्हणाल्या, "त्याच्या विनोदाला हसायला लागलीस? प्रकृती बरी आहे ना?"

मला आता गावासारखं गप्प बसता येतं.

१६ ऑगस्ट

साहेब गुरुवारी येणार. आठ जागा, आठ नावं तयार. नववी जागा म्हणजे माझी झोपडी आहे ती. तिथे पूर्वी कुणी राहिलेलं नाही, त्यामुळे तिला नाव नाही. सासूबाईंना विचारलं तर "बघू" म्हणाल्या. आज देवळाशी पुन्हा तोच प्रकार, मी आले आणि सगळे गप्प. असू दे. गुरुवार निभला की पुरे. मग करा थट्टा वर्षभर.

२० ऑगस्ट

सगळं सविस्तर लिहायचंय.

सातही घरं वर आली. गुडघे, छात्या, काठ्या, सगळं घेऊन. सासूबाईंना गाढवाच्या एका बाजूच्या टोपलीत बसवलं, तोलाला दुसऱ्या टोपलीत दगड. मायतिआस म्हणाला, "गाढवाला फरक कळेना, कुठली बाजू जास्त कठीण." सासूबाईंनी टोपलीतून त्याला काठी हाणली.

साहेब घामाघूम, पण एकेका जागेवर आले. हिरवा तुकडा पाहायचे, जुने दगड पाहायचे, नाव विचारायचे, सासूबाई ठणठणीत आवाजात सांगायच्या. आठव्या जागेवर मी पुढे झाले, साहेबांच्या कागदावर लिहिलेल्या नावावर बोट ठेवलं आणि म्हटलं, "हे मोठ्यानं वाचू नका. कृपा करा." ते बघतच राहिले. पण वाचलं नाही. सासूबाई शेजारी टोपलीत बसून आपल्याच उताराकडे बघत होत्या.

मग झोपडीपाशी आलो. साहेबांनी रवी पाहिली, लोणी पाहिलं, माझी स्वच्छ वही चाळली. मग चष्मा काढून म्हणाले, "मी स्पष्ट सांगतो. जुन्या आठ जागा खऱ्या दिसतात. पण त्या जुन्या. माझ्या वरिष्ठांचं म्हणणं असं, की गावानं यंदा मला दाखवण्यापुरतं एक बाई आणि नऊ गाई वर पाठवल्यात. नाटक आहे. रीत जिवंत असेल तर आज गुरं जिथे आहेत त्या जागेला गावात नाव असेल. माणसं रोज बोलताना ते वापरत असतील. मला तेवढं सांगा. या जागेला गाव काय म्हणतं?"

सातही घरं जमिनीकडे बघतायत. मॅरिऑननं तोंडावर शाल घेतली. मला वाटलं, यांना काही सुचत नाही, आणि हा माणूस वाट बघतोय. खोटं बोलायचं नाही हे मी ठरवलेलं होतं. मी म्हटलं, "साहेब, या जागेला नाव नाही."

बोलले, आणि मायतिआसचा चेहरा पाहिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. साहेबांनी पेन्सिल खाली केली. "नाही?" पुन्हा कोरा डोंगर. माझ्याच तोंडून.

तेवढ्यात टोपलीतून आवाज आला. "बायबीन. जा, झऱ्यावरून पाणी आण."

"आत्ता?"

"आत्ता. साहेबांना तहान लागलीय."

"आई, इथे सगळं बुडतंय आणि तुम्हाला पाणी..."

"जा म्हणते ना!" बत्तीस वर्षांत मला कधी इतक्या जोरात बोलल्या नव्हत्या.

गेले. बादली आपटत गेले. झरा शंभर पावलांवर, वारा उलटा, एक शब्द ऐकू येईना. वळून पाहिलं. सासूबाईंनी बोटानं साहेबांना जवळ बोलावलं होतं. ते टोपलीपाशी वाकले. तिचे ओठ हलले. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते एकेकापाशी गेले. मॅरिऑनपाशी, तिच्या नवऱ्यापाशी, सगळ्यांपाशी, शेवटी मायतिआसपाशी. प्रत्येक जण माझ्याकडे एकदा बघायचा, मग तोंडावर हात धरून साहेबांच्या कानात काहीतरी म्हणायचा. साहेब प्रत्येकाला ऐकून मान हलवत होते. मग त्यांनी लिहिलं. बराच वेळ वाकून लिहिलं.

पाणी घेऊन आले तर सगळे हवेबद्दल बोलत होते. साहेब पाणी प्यायले आणि त्यांनी विचारलं, "तुमचं नाव बायबीनच ना?"

"हो. का?"

"नोंदीसाठी," म्हणाले. मग टोपी काढली. माझ्यासमोर. त्यांना ऊन लागलं असावं.

उतरताना मायतिआसला विचारलं, "काय सांगितलंत त्याला?" म्हणाला, "जे आहे ते." "म्हणजे काय?" "गाढवाकडे लक्ष दे."

सगळ्या गावाला काहीतरी ठाऊक आहे आणि मला पाणी आणायला पाठवतात. परकी ती परकीच. आज फार वाईट वाटतंय, आणि वाईट वाटायला वेळ नाही, कारण निकाल काय लागेल देव जाणे.

२४ सप्टेंबर

पत्र आलं. मीलबान गावाकडे राहणार! झाडं दुसरीकडे लावणार. मायतिआसनं पत्र तीनदा वाचलं, मग मॅरिऑनला धरून नाचला, मग मला. सासूबाईंनी काठीनं ताल धरला. मी रिवाच्या गळ्यात पडले.

११ ऑक्टोबर

नवा नकाशा आला. मायतिआसच्या भिंतीवर लावलाय. मी बघायला गेले. डोंगर आता कोरा नाही, अक्षरंच अक्षरं. बूली साईव्ह, बूली नूला. झोपडीच्या जागी मात्र खिळा ठोकलेला आणि खिळ्यावर मायतिआसची टोपी.

"टोपी काढ की."

"भिंतीला दुसरीकडे खिळा लागत नाही."

"मायतिआस, घरात बसूनही तू ती टोपी डोक्यावरच ठेवतोस. आज काय झालं?"

कानापर्यंत लाल झाला. सदुसष्ट वर्षांचा घोडा! मी टोपीला हात लावला नाही. नसेल दाखवायचं तर नसेल. काहीतरी चावट नाव ठेवलं असणार. बेटकरणीची घसरण, नाहीतर बुटाचा ओढा.

३१ ऑक्टोबर

सॅवन. गाई खाली आणल्या. झोपडीचं दार दगड लावून बंद केलं. निघताना रडू आलं, कारण कळलं नाही.

घरी आले तर सासूबाई चुलीपाशी. आज त्यांचे डोळे वेगळे होते. मी ओली शाल काढली, त्यांच्या पायाशी बसले. त्यांनी माझे हात हातात घेतले, बोटांवरचे धार काढून पडलेले घट्टे चाचपले.

"दमलीस, ओनोरा?"

मी म्हटलं नाही की मी ओनोरा नाही. बरेच दिवस झाले, आता म्हणत नाही. "थोडी," म्हटलं.

"उद्या गुरं खालच्या अंगाला नको नेऊस. तिथे गवत संपलंय. वर ने. बूली बायबीनला."

चुलीतला निखारा ढासळला. मी म्हटलं, "कुणाची बूली?"

"बायबीनची. बेटावरनं आली ना, ती. आमची." मग त्यांनी दाराकडे पाहिलं, कुणी ऐकत नाही ना म्हणून, आणि माझ्या कानाशी वाकल्या. "सगळं गाव म्हणतं. पण तिला सांगू नको हं. दूध आटेल."

"नाही सांगत," मी म्हटलं.